बँड ६ झालीस, पण शिफ्टभर काम बँड ५ चंच करतेयस

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात परत सांगते. तू साताऱ्याची, बीएस्सी नर्सिंग, इंग्लंडला येऊन ४ वर्षं झाली, मेडिकल वॉर्डात ५ महिन्यांपूर्वी बँड ६ म्हणजे ज्युनिअर सिस्टर झालीस. शिफ्टची इनचार्ज असलीस की दोन जुन्या एचसीए, म्हणजे हेल्थकेअर असिस्टंट, ऐकत नाहीत, काही सांगितलं की 'इन अ मिनिट, लव्ह' म्हणतात आणि ते मिनिट काही उजाडत नाही. मॅनेजर म्हणते जरा असर्टिव्ह हो, झालीस तर दुसऱ्या दिवशी 'शी वॉज रूड' अशी तक्रार. आणि शेवटी विचारलंयस की हे माझ्या अ‍ॅक्सेंटमुळे होतंय का, आणि परत बँड ५ ला, म्हणजे साध्या स्टाफ नर्सच्या जागी, जाऊ का.

अगं-तुगं करतेय, वयाने बरीच मोठी आहे म्हणून. मी मिरजेत नर्सिंग केलं, ६ वर्षं मुंबईत काढली, २००३ ला इकडे आले. तेव्हा ऑस्की, म्हणजे परदेशी नर्सची प्रॅक्टिकल परीक्षा, वगैरे नव्हतं, नर्सिंग होममध्ये देखरेखीखाली काम करत अ‍ॅडाप्टेशन करायला लागायचं, आणि ते झाल्यावर मला डी ग्रेड दिली, म्हणजे इथल्या कॉलेजातून कालपरवा बाहेर पडलेल्या मुलीला देतात ती. मुंबईची ६ वर्षं कुणी मोजलीच नाहीत. पुढच्या वर्षी ग्रेड गेल्या, बँड आले, २००९ ला सिस्टर झाले, २०१४ पासून वॉर्ड मॅनेजर आहे. तर जे सांगतेय ते मेडिकल वॉर्डातलं आहे हे धरून चाल, ऑपरेशन थिएटर किंवा आयटीयूत (आयसीयूत) माणसं आणि कामाची वाटणी दोन्ही वेगळं असतं, आणि तुझी मॅनेजर कशी आहे यावर तर निम्मं अवलंबून आहे.

आता तुझ्याच पोस्टमधली एक ओळ बघ. 'मी त्यांच्यापेक्षा जास्त काम करते, ब्रेकसुद्धा घेत नाही, तरी त्या ऐकत नाहीत.' माझ्या मते अडचण त्या 'तरी' मध्ये आहे, तिथे 'म्हणूनच' पाहिजे. तू बेडपॅन देतेस, राउंडला जातेस, दोन बेची, म्हणजे वॉर्डातल्या दोन भागांची, औषधं देतेस, फोन पण तूच उचलतेस, आणि मनात धरून बसलीयस की एवढं राबताना बघून समोरच्याला लाज वाटेल आणि तो उठेल. आपल्याकडे घरात हे चालतं गं, आई न बोलता भांडी आपटत घासायला लागली की सगळे उठतात. इथे नाही चालत. इथे समोरच्याला वाटतं हिला स्वतः करायला आवडतंय, किंवा हिला सांगता येत नाहीये. दोन्हीत तुझा अधिकार जातो.

एक गंमत बघ, आपल्याकडे वॉर्डातली कालची पोरगी पण 'सिस्टर' असते, पेशंटपासून सुरक्षारक्षकापर्यंत सगळे तेच म्हणतात. इथे सिस्टर हे पद आहे. सरकारी मराठीत तर तीन वेगळे शब्दच आहेत, अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका. तू अधिपरिचारिकेची परिसेविका झालीयस पण डोक्यात अजून सगळ्यांची सिस्टरच आहेस. मीही तशीच होते.

माझं काय झालं ते सांगते. २००९ चा डिसेंबर, सिस्टर होऊन तीन महिने, २८ बेडचा वॉर्ड, एक नर्स कमी, साईट मॅनेजर दर अर्ध्या तासाला बेडसाठी फोन करतोय. साईड रूम २ मधल्या आजोबांचा तब्येत बिघडल्याचं दाखवणारा स्कोअर वाढलेला. तेव्हा न्यूज, म्हणजे सगळीकडे एकच असलेला स्कोअर, आला नव्हता, तो २०१२ चा, प्रत्येक ठिकाणी आपापला स्कोअरिंग चार्ट असायचा. मी एका जुन्या एचसीएला जाता जाता म्हटलं, 'कॅन यू प्लीज चेक हिज ऑब्झ व्हेन यू आर फ्री?' ऑब्झ म्हणजे बीपी, नाडी, ताप वगैरे मोजणं. आणि मी औषधांच्या ट्रॉलीकडे गेले. ती काही फ्री झाली नाही. का होईल, मीच म्हटलं होतं फ्री झालीस की. दीड तासाने मी स्वतः डोकावले तर आजोबा घामाघूम, बीपी ८० वर. आउटरीच, म्हणजे बिघडलेल्या पेशंटसाठी धावून येणारी, टीम आली, फ्लुइड दिलं, आजोबा वाचले, दहा दिवसांनी घरी पण गेले. पण माझ्या मॅनेजरने नंतर ऑफिसात बसवून एकच प्रश्न विचारला, 'त्या शिफ्टला इनचार्ज कोण होतं?' मी म्हटलं मी होते, पण मी तर ड्रग राउंड करत होते. ती काहीच बोलली नाही, माझ्याकडे बघत राहिली, आणि माझं मलाच ऐकू आलं मी काय बोलले ते.

तेव्हापासून मी काम सांगताना तीन गोष्टी सोडत नाही, नाव, वेळ, आणि झाल्यावर मला येऊन सांगणं. 'साईड रूम २ चे ऑब्झ आत्ता, पाच मिनिटांत, आणि आकडा मला येऊन सांगशील का, त्यावर मी डॉक्टरला ब्लीप करणारेय.' ब्लीप म्हणजे पेजरवरून बोलावणं. असं सांगण्यात रूड काही नाही. कारण पण दिलंय, त्यामुळे ती हमाल नाही तर साखळीतली एक कडी आहे हे तिला कळतं. आणि 'इन अ मिनिट' आलं तर हसून विचारायचं, मिनिट म्हणजे दोन का दहा? दहा असेल तर मी दुसऱ्या कुणाला सांगते. आणि खरंच सांगायचं दुसऱ्या कुणाला, स्वतः पळायचं नाही. पहिले दोन आठवडे हे सगळ्यात जड जातं, हात शिवशिवतात, वाटतं सांगण्यापेक्षा करून टाकलं तर लवकर होईल. होतं पण लवकर, आणि म्हणूनच सवय सुटत नाही.

आता रूड प्रकरण. यावर मी खूप वर्षं विचार केलाय आणि मला वाटतं याचं मूळ अ‍ॅक्सेंटमध्ये नाही, आपल्या क्रियापदात आहे. मराठीत नम्रपणा क्रियापदाच्या शेपटीत असतो. कर, करा, कराल का, तेवढं करून टाकता का, बघा ना जरा, एवढ्या पायऱ्या आहेत, 'प्लीज' ची गरजच पडत नाही, उलट घरात कोणी 'कृपया' म्हटलं तर टोमणा वाटेल. इंग्रजीत शेपटीच नाही, 'डू' म्हणजे डू. तिथे नम्रपणा वाक्याच्या आधी लावतात, 'वुड यू माइंड', 'कुड आय आस्क यू टू', असं. आपण घाईत इंग्रजी बोलताना मराठीतली शेपटी गळून पडते आणि पुढचं डोकं लावायचं राहून जातं, उरतं फक्त 'यू डू बेड सिक्स'. मनात आपण 'तेवढं सहा नंबरचं बघतेस का गं' म्हटलेलं असतं, तिच्या कानावर हुकूम पडतो. त्यामुळे मॅनेजर असर्टिव्ह हो म्हणते तेव्हा आवाज चढवायचा नाहीये, गाभा ठाम ठेवून वेष्टन बदलायचंय. 'वुड यू माइंड डूइंग बेड सिक्स नाऊ' हा इथे चक्क आदेश आहे, प्रश्न नाही, आणि ज्याला कळायचं त्याला बरोबर कळतो.

याची उलटी बाजू पण आहे, ती जास्त धोक्याची. इथला कन्सल्टंट, म्हणजे वरिष्ठ डॉक्टर, जेव्हा 'आय अ‍ॅम अ बिट कन्सर्न्ड' म्हणतो तेव्हा ते 'बिट' सोडून द्यायचं, तो भरपूर काळजीत असतो. मी सुरुवातीला 'बिट' ऐकून निवांत राहायचे.

अ‍ॅक्सेंटचं म्हणशील तर थोडं खरं आहे, पण तू म्हणतेस तेवढं नाही. फोनवर, ऐकायला कमी येणाऱ्या पेशंटशी, आणि आकडे सांगताना अडतं. फिफ्टीन आणि फिफ्टीचा घोटाळा औषधात जीवघेणा होऊ शकतो, म्हणून इथले लोक पण 'वन-फाइव्ह', 'फाइव्ह-झिरो' म्हणतात, ते तू पण म्हण. डॉक्टरला फोन करताना एसबारचा सांगाडा धर, परिस्थिती, पार्श्वभूमी, माझं मत, मला काय हवंय. मूळ अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांमधनं आलेली पद्धत आहे ही, जिथे वेळ कमी असतो आणि गैरसमज परवडत नाही. आपल्या मुली पहिले तीन भाग छान बोलतात आणि चौथ्यावर गप्प होतात. 'डॉक्टर, पेशंटचा न्यूज ७ आहे' म्हणून थांबतात, वाट बघत. ७ म्हणजे इमर्जन्सी, वाट काय बघायची. 'तुम्ही दहा मिनिटांत येऊन बघावं असं मला वाटतं' हे वाक्य पूर्ण म्हण. माझ्या अनुभवात लोक अ‍ॅक्सेंटला नाही, या अर्धवट सोडलेल्या वाक्याला कच्चेपणा समजतात.

आता जरा कडू. आपण ज्या हॉस्पिटलांमधून येतो तिथे मावशी आणि वॉर्डबॉय असतात, आणि त्यांच्याशी आपण कसं बोलतो ते आठव. 'मावशी, इकडे या.' मान देणारा शब्द, सूर मात्र काय असतो ते तुला माहितीये. एचसीए म्हणजे मावशी नाही. पगार आपल्यापेक्षा कमी असेल, पण ती स्वतःला तुझी सहकारी समजते आणि ते बरोबरच आहे. तुझ्या त्या दोघी २० वर्षं त्याच वॉर्डात आहेत, तीन मॅनेजर आले आणि गेले, त्या आहेत. मी सिस्टर झाल्यावर दोन महिने माझ्या वॉर्डातल्या अशाच एकीला टाळत होते, मग एकदा नाईटला तीन वाजता चहा करून तिच्याशेजारी बसले आणि विचारलं, या वॉर्डात तुला सगळ्यात जास्त चीड कशाची येते? अर्धा तास बोलली. त्यातल्या दोन गोष्टी माझ्या हातातल्या होत्या, लिननची ट्रॉली कुठे लावायची ती आणि ब्रेकची वेळ शेवटच्या क्षणी बदलायची नाही ही. दोन्ही केल्या. त्यानंतर ती माझी मैत्रीण झाली असं काही नाही, पण 'इन अ मिनिट' खरंच मिनिटावर आलं.

आणि तरीही, हे सगळं करून सुद्धा काही वेळा कारण तुझी कातडीच असतं. ते नाकारायचं नाही, आणि सगळ्याला तेच कारण लावायचं पण नाही. मी कसं ओळखते सांगू? हाच प्रकार गोऱ्या बँड ६ च्या शिफ्टला होतो का ते बघते. तिच्या पण शिफ्टला त्या दोघी टंगळमंगळ करत असतील तर तो वॉर्डाचा आजार आहे. फक्त तुझ्याच शिफ्टला होत असेल, किंवा तेच वाक्य ती बोलली तर 'क्लिअर' आणि तू बोललीस तर 'रूड' होत असेल, तर मग वहीत लिहायला लाग, तारीख, वेळ, नेमके शब्द, कोण हजर होतं. भावना नाही, शब्द. मग मॅनेजरकडे, नाही झालं तर फ्रीडम टू स्पीक अप गार्डियनकडे, म्हणजे अशा तक्रारी ऐकायला नेमलेल्या माणसाकडे, प्रत्येक ट्रस्टमध्ये (हॉस्पिटलं चालवणाऱ्या सरकारी संस्थेत) असतो. आणि युनियनची मेंबर नसशील तर आजच हो, कारण आधी झालेल्या भानगडीत नंतर मेंबर होऊन सहसा मदत मिळत नाही. पेशंट वर्णद्वेषी बोलला तर तेही गप गिळायचं नाही, २०२० पासून तातडीची गरज नसलेल्या अशा पेशंटला उपचार नाकारायची मुभा ट्रस्टना आहे. प्रत्यक्षात ती वेळ क्वचित येते, पण इनचार्ज म्हणून तू बेडपाशी उभी राहून 'माझ्या स्टाफशी असं बोलायचं नाही' म्हणालीस की पूर्ण बे ऐकतो, त्या एचसीए सुद्धा ऐकतात.

हे नुसतं आपल्या मनाचं नाही हे पण माहीत असू दे. एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, स्वतःच २०१५ पासून वंशानुसार आकडे मोजते, डब्ल्यूआरईएस म्हणतात त्याला, आणि शॉर्टलिस्ट झाल्यावर गोऱ्या उमेदवाराची निवड होण्याची शक्यता बाकीच्यांच्या साधारण दीडपट, हा आकडा वर्षानुवर्षं तिथल्या तिथेच घुटमळतोय. शिस्तभंगाच्या कारवाईतला फरक मात्र तेवढ्याच काळात बराच खाली आला. दुसरा आकडा हलला आणि पहिला नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. इंटरव्ह्यूच्या पॅनलवर बसते म्हणून एक कारण मला समोर दिसतं, आपल्या मुली इंटरव्ह्यूत 'आम्ही' म्हणतात. आम्ही पेशंटचे फॉल्स (पडणं) कमी केले, आम्ही ऑडिट केलं. 'मी केलं' म्हणणं म्हणजे मोठेपणा सांगणं असं आपल्यावर लहानपणापासून बिंबवलेलं. पॅनल मार्क देतं ते तू बोललेल्या 'मी' ला, 'आम्ही' ला मार्कच नसतात. अर्थात सगळं काही आमच्या 'आम्ही' मुळे नाही, हे मला चांगलंच माहितीये.

मी आले तेव्हा वॉर्डात निवृत्तीला टेकलेली एक जमैकन सिस्टर होती. ती साठच्या दशकात नर्स व्हायला म्हणून आली आणि तिला न विचारता दोन वर्षांच्या एनरोल्ड कोर्सला बसवलं, तीन वर्षांच्या रजिस्टर्डला नाही. फरक काय तो तिला नंतर कळला, एनरोल्ड नर्सला बढती जवळजवळ नव्हतीच, आणि मायदेशी त्या सर्टिफिकेटला किंमत नाही. कॅरिबियनमधून आलेल्या कितीतरी बायकांचं हेच झालं. त्याच काळात, १९६४ मध्ये, गयानाहून आलेल्या डाफ्ने स्टील यॉर्कशायरमधल्या इल्कलीच्या सेंट विनिफ्रेड्समध्ये मेट्रन झाल्या, एनएचएसमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय मेट्रन. आणि ८ डिसेंबर २०२० ला कोव्हेंट्रीत चाचण्यांबाहेर फायझरच्या कोविड लसीचा जगातला पहिला डोस टोचणाऱ्या मे पार्सन्स पण तेव्हा मेट्रन, मूळच्या फिलिपिन्सच्या. पण मला मेट्रन बायकांपेक्षा ती जमैकन सिस्टर जास्त आठवते. तिने मला पहिल्या आठवड्यात सांगितलेलं, नाव चुकीचं घेतलं तर पहिल्याच दिवशी दुरुस्त कर, सहा महिन्यांनी करशील तर लोकांना वाटेल तू बदललीस. मी ऐकलं नाही. माझ्या नावात 'ळ' आहे, त्याचं काय काय झालं ते विचारू नकोस.

अजून एक गोष्ट तू लिहिली नाहीस पण होणार आहे, कदाचित झालीच असेल. आपलीच माणसं. ऑफ-ड्यूटी, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, तू करायला लागलीस की दिवाळीला 'ताई, आपलीच आहेस ना' म्हणून फोन येतात. मी एका वर्षी तिघींना लक्ष्मीपूजनाची सुट्टी दिली, स्वतः ड्यूटी केली, आणि तरी बाकीच्यांनी बरोबर हेरलं. मग ख्रिसमसला कुणाची सुट्टी कापायला गेले तर तोंड नव्हतं. आता सणांची मागणी सगळ्यांनी आठ आठवडे आधी वहीत लिहायची, दिवाळी, ईद, ओणम, ख्रिसमस, सगळं एकाच वहीत, आणि मागच्या वर्षी मिळाली त्याचा नंबर शेवटी. आपल्या मुली रुसल्या थोड्या. पेशंटसमोर मराठी-हिंदी-मल्याळम बोलू नका हे पण मलाच सांगायला लागतं, आणि ते मीच सांगितलेलं बरं.

परत बँड ५ ला जायचं का? हे खरंच परिस्थितीवर आहे. घरी लहान मूल असेल, नवऱ्याची पण शिफ्ट असेल आणि नाईट झेपत नसतील, तर खाली येण्यात काही कमीपणा नाही, माझ्या दोन चांगल्या नर्सेस तशा आल्या आणि नंतर परत वर गेल्या. पण कारण जर फक्त त्या दोघी असतील तर नको, कारण बँड ५ ला गेलीस तरी वॉर्ड तोच आणि त्या दोघी तिथेच. दुसऱ्या वॉर्डात बँड ६ वरच बदली मागता येते, आधी ते विचार. दुसऱ्या ट्रस्टला जायचं तर स्पॉन्सरशिप नवी लागते आणि व्हिसाचे नियम सतत बदलतायत, तेव्हा राजीनामा द्यायच्या आधी एचआरकडून लेखी घे, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारून नको.

पाच महिने हा काही फार काळ नाही. मला दीड वर्ष लागलं. अजून सहा महिने दे, आणि मॅनेजरला विचार, 'असर्टिव्ह म्हणजे नेमकं काय? गेल्या आठवड्यातला एक प्रसंग घेऊन सांग, तिथे तू काय म्हणाली असतीस?' बहुतेक मॅनेजरना हे विचारलं की त्यांचीच पंचाईत होते, पण त्यातूनच काहीतरी कामाचं निघतं.

आणि पुढच्या शिफ्टला, साडेसातच्या हँडओव्हरनंतर हडल, म्हणजे सगळ्यांची छोटी बैठक, घेशील तेव्हा ब्रेकचा बोर्ड तू स्वतः लिही, सगळ्यांची नावं आणि वेळ. त्यात तुझं पण नाव लिही, १ वाजता, अर्धा तास. बे कोण बघणार ते नावासकट सांग, आणि १ वाजला की ब्लीप तिच्या हातात देऊन उठ.